चार-चार वेळा वाचूनही ॲनॉटॉमी-फिजिओलॉजी डोक्यात राहत नाही, काय करू?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मॅडम, मी बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या सेमिस्टरला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. रोज ठाण्याहून नेरूळला लोकलनं जाते-येते. ॲनॉटॉमी-फिजिओलॉजीचा धडा चार-चार वेळा वाचते, हायलायटर मारते, पण पेपर समोर आला की सगळं कोरं. पहिल्या इंटर्नलला २५ पैकी ९ पडले. पुढच्या इंटर्नलला हृदय आहे. एवढं सगळं पाठ कसं करायचं ते सांगा. की ही लाइनच माझ्यासाठी नाही?"

लाइनचं मागाहून बघू. आधी त्या ९ मार्कांचं बघू या.

नवी मुंबईत नर्सिंग आणि फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला हे विषय शिकवून मला वीसेक वर्षं झाली. दर वर्षी पहिल्या इंटर्नलनंतर चार-पाच मुली रडवेल्या होऊन येतात. मी त्यांना आधी वही दाखवायला सांगते. वही बहुतेक वेळा नसतेच. असतं ते पिवळंधमक आणि गुलाबी झालेलं पुस्तक. एकीच्या पुस्तकात तर रंग न लागलेली ओळ शोधावी लागली होती.

तुझ्या डब्यात रोज चढणारी एखादी बाई असेल. ऐरोलीला चढते, दाराशेजारच्या कोपऱ्यात उभी राहते, कोपरखैरण्याला उतरते. शंभर जणींत तिला ओळखशील. आता डोळे मिटून सांग, तिला चष्मा आहे का? पर्स कुठल्या खांद्याला असते? नाही ना सांगता येत! धड्याचं तसंच होतं. दुसऱ्या वाचनाला सगळं ओळखीचं वाटतं आणि त्या ओळखीलाच आपण 'येतंय' असं समजतो. पेपरात मात्र ती बाई समोर नसते. तिचं चित्र कोऱ्या कागदावर तुला काढायचं असतं, आणि त्याचा सराव तू एकदाही केलेला नाहीस.

म्हणून पहिली गोष्ट, वाचन कमी कर. एक विषय घे, समजा किडनी. एकदाच, सावकाश, पेन हातात न घेता वाच. पुस्तक मीट आणि पाठकोरा कागद घेऊन आठवेल ते काढ. पहिल्या दिवशी घेवड्याच्या बीसारखा एक आकार आणि तीन नावं येतील. इथंच मुली घाबरतात आणि पुस्तक उघडतात. तू उघडू नकोस. पाच मिनिटं तशीच बस, डोकं खाजव, चुकीचं का होईना पण काहीतरी लिही. त्यानंतर पुस्तक उघडून जे राहिलं, जे चुकलं, ते लाल पेननं भर. तेवढं लाल म्हणजे तुझा आजचा अभ्यास, बाकीचं तुला येतच होतं. तोच कागद उद्या पुन्हा कोरा करून काढ, मग तीन दिवसांनी, मग आठवड्यानं. आपण किती वेगानं विसरतो हे हर्मन एबिंगहाउस या जर्मन माणसानं निरर्थक अक्षरं स्वतःच पाठ करून मोजलं आणि १८८५ मध्ये छापलं. सगळ्यात जास्त गळती सुरुवातीच्या तासांतच होते, असं त्याला दिसलं. त्यामुळे दुसऱ्या दिवशीचा कागद चुकवू नकोस, बाकी एखादा इकडेतिकडे झाला तरी चालेल.

हे झालं दोन्ही विषयांना लागू पडणारं. पण ॲनॉटॉमी आणि फिजिओलॉजी एकाच पेपरात येतात म्हणून एकाच पद्धतीनं वाचायच्या नसतात. ॲनॉटॉमी म्हणजे पत्ता: कुठे आहे, शेजारी कोण, वरून काय जातं, खालून काय जातं. फिजिओलॉजी म्हणजे घडामोड: अमुक झालं म्हणून तमुक झालं. पत्ता हातानं शोधायचा आणि घडामोड तोंडानं सांगायची. तू दोन्ही डोळ्यांनी वाचतेयस.

ॲनॉटॉमीचा पत्ता शोधायला तुझ्याकडे चोवीस तास एक मॉडेल आहे, तू स्वतः. मला हे उशिरा कळलं. पहिल्या वर्षाच्या व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, टेबलावर क्लॅव्हिकल ठेवलेलं होतं, गळ्याखालचं ते आडवं हाड. "कुठल्या बाजूचं?" मी घडाघडा बोलून दाखवलं: आतलं टोक जाड, बाहेरचं टोक चपटं, आतला दोन-तृतीयांश भाग पुढे फुगलेला, खालच्या अंगाला खोबण. सगळं बरोबर. मग सर म्हणाले, "आता तुझ्या अंगाशी धरून दाखव." मी धरलं ते उलटं, खोबण वर करून. ते रागावले नाहीत. म्हणाले, "बाळ, स्वतःचं चाचपून तरी बघितलंयस का कधी?" नव्हतं बघितलं. अठरा वर्षं ते हाड माझ्या गळ्याशी होतं आणि मी पुस्तकातली वर्णनं पाठ करत होते.

म्हणून आत्ता, हे वाचता वाचताच, एक कर. गळ्याच्या तळाशी, दोन क्लॅव्हिकलच्या मधे जो खड्डा आहे तिथं बोट ठेव. छातीच्या मधल्या हाडावरून बोट हळूहळू खाली सरकव. साधारण चार-पाच सेंटिमीटरवर एक आडवा उंचवटा लागेल. कपड्यांवरूनही लागतो. त्याला स्टर्नल अँगल म्हणतात. तिथून बोट बाजूला सरकवलंस की जी बरगडी लागते ती दुसरी. पहिली मोजत बसू नको, ती क्लॅव्हिकलच्या आड असते आणि नीट सापडत नाही. दुसऱ्या बरगडीच्या खालची फट ती दुसरी फट. तिथून एकेक फट मोजत पाचवीपर्यंत उतर आणि डाव्या बाजूला क्लॅव्हिकलच्या मध्यावरून सरळ खाली आलेल्या रेषेवर बोटं टेकव. पुढे वाकून बस किंवा डाव्या कुशीवर झोप. टक्-टक् लागेल. तो एपेक्स बीट, हृदयाचं टोक. लागला नाही तरी घाबरू नको, पुष्कळांना चटकन सापडत नाही.

पुढे वॉर्डात ईसीजी काढशील तेव्हा व्ही-४ ची पट्टी नेमकी इथेच चिकटवायची असते, आणि व्ही-१, व्ही-२ चौथ्या फटीत, छातीच्या हाडाच्या दोन्ही कडांना. तो उंचवटा एकदा सापडला की परीक्षेतले आणखी प्रश्नही तिथंच सुटतात. श्वासनलिका दुभंगते ती त्याच पातळीवर, महाधमनीची कमान सुरू होते आणि संपते तीही तिथंच, आणि मागे पाठीला चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली चकती. हे सगळं स्वतंत्रपणे पाठ करणारी मुलगी आणि छातीवर बोट ठेवून आठवणारी मुलगी, यांच्यातला फरक व्हायवात पहिल्या मिनिटाला कळतो.

असं अंगभर कर. अंगठा ताठ करून मागे ओढलास की त्याच्या बुडाशी एक खळगा पडतो. पूर्वी तपकीर ओढणारे त्या खळग्यात तपकीर घेत, म्हणून इंग्रजीत त्याचं नावच तपकिरीच्या डबीवरून पडलंय. त्या खळग्याच्या तळाशी स्कॅफॉइड, मनगटाचं एक हाड. पावसात फलाटावर पाय घसरला आणि माणूस पसरलेल्या हातावर पडला, की आधी तिथं दाबून बघतात, दुखलं तर स्कॅफॉइडच्या फ्रॅक्चरची शंका घेतात. कोपर टेबलाच्या कडेला आपटून करंगळीपर्यंत झिणझिण्या गेल्या तर ती अल्नर नर्व्ह. सीटवर समोर बसलेल्या माणसाचा उजवा हात तुझ्या डावीकडे असतो, हेही रोज गाडीत घोकत जा. पुस्तकातलं डावं-उजवं नेहमी पेशंटचं असतं, बघणाऱ्याचं नसतं. ऐकायला फारच सोपं वाटतं, पण पहिल्या सेमिस्टरला आकृतीची बाजू चुकवून मार्क घालवणारे मला दर वर्षी भेटतात.

आता नावांचं. मराठी माध्यमातल्या मुलींना सगळ्यात जास्त धसका नावांचा, आणि गंमत अशी की नावं फोडायची कला त्यांनाच जास्त येते. शाळेत समासाचा विग्रह केलायस ना? तेच कर. 'स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड' हा एक लांबलचक समास आहे: स्टर्नम (छातीचं मधलं हाड) आणि क्लॅव्हिकलपासून निघून कानामागच्या मॅस्टॉइड हाडाला जाणारा. तोंड डावीकडे वळव, मानेच्या उजव्या बाजूला जी दोरी ताणून उभी राहते ती हीच. नावातच पत्ता दिलाय, पाठ करायला उरलं काय? 'फ्लेक्सर कार्पाय रेडिआलिस': वाकवणारा, मनगटाचा, रेडियसच्या, म्हणजे अंगठ्याकडच्या हाडाच्या, बाजूचा. अशी शंभरेक मुळं वहीच्या शेवटच्या पानांवर जमव. मग नवं नाव आलं की अर्धं आपोआप उलगडतं.

विग्रह चुकला तर मात्र घात होतो. 'हायपोकॅलिमिया' आणि 'हायपोकॅल्सिमिया' बोलताना सारखेच वाटतात. पहिल्यात 'कॅलियम' आहे, म्हणजे पोटॅशियम. दुसऱ्यात कॅल्शियम. वॉर्डात रात्री फोनवर रिपोर्ट सांगताना यात घोळ झाला तर काय होईल ते तूच बघ. 'इलियम' तर देवनागरीत लिहिलं की कळतच नाही कुठलं: लहान आतड्याचा शेवटचा भाग की कमरेचं हाड? इंग्रजी स्पेलिंगमध्ये मधलं अक्षर 'ई' असेल तर आतडं, 'आय' असेल तर हाड. मी मुलींना सांगते, 'ई' ईटिंगचा, म्हणून खाण्याकडचा.

थोडं खरंच पाठ करावं लागतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. मनगटाची आठ हाडं, मेंदूतून निघणाऱ्या बारा क्रेनियल नर्व्ह्ज, यांना काही तर्क नाही. ती पाढ्याच्या चालीत म्हण: स्कॅफॉइड, लुनेट, ट्रायक्वेट्रम, पिसिफॉर्म, ट्रॅपेझियम, ट्रॅपेझॉइड, कॅपिटेट, हॅमेट. चार-चारच्या दोन ओळी, दोन्ही अंगठ्याकडून करंगळीकडे. इंटरनेटवरची इंग्रजी वाक्यं पाठ करून मग त्यांतून नावं काढणं म्हणजे दोनदा पाठांतर. पण हे पाठांतर एकूण अभ्यासाच्या दहा टक्क्यांपलीकडे गेलं की समज, काहीतरी चुकतंय.

फिजिओलॉजीकडे येते. मुली खऱ्या आपटतात त्या इथं, कारण इथं पाठांतर अजिबातच चालत नाही. तुमच्या सिलॅबसमध्ये दोन्ही विषयांच्या नावामागे 'अप्लाइड' लावलंय ते उगीच नाही. 'एडीएचची कार्ये लिहा' (एडीएच म्हणजे अंगातलं पाणी राखणारं हार्मोन) हे तू लिहिशील. 'उन्हातून आलेल्या पेशंटची लघवी गडद आणि कमी का?' असं विचारलं की तोच एडीएच ओळखू येत नाही.

तर एक प्रसंग घेऊ. मे महिना, दुपारचे दोन, तुर्भे स्टेशन. गाडी लेट. तू फलाटावर अर्धा तास उभी आहेस. अंगात काय काय चाललंय ते 'मग?' विचारत विचारत सांगायचं.

रक्ताचं तापमान किंचित वाढलं. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला ते कळलं. मग? त्यानं कातडीतल्या रक्तवाहिन्या सैल केल्या, म्हणून तोंड लाल झालं. घर्मग्रंथींना हुकूम गेला. हा हुकूम सिम्पथेटिक नसांतून जातो, पण त्यांच्या टोकाशी नेहमीच्या नॉरॲड्रेनलिनऐवजी सुटतं ॲसिटिलकोलीन. हा अपवाद परीक्षकांचा फार लाडका आहे, खूण करून ठेव. मग? घाम आला. एक लिटर घाम पूर्ण उडून गेला तर अंगातली साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण आपल्याकडे खाडीची हवा आधीच बाष्पानं भरलेली, घाम उडतच नाही, नुसता टपकतो. टपकलेला घाम फुकट गेला. तेवढंच तापमान नाशकात सुसह्य वाटतं ते यामुळे.

मग? घाम रक्तापेक्षा अळणी असतो. म्हणजे मिठाच्या मानानं पाणी जास्त गेलं, आणि मागे उरलेल्या रक्तात क्षारांचं प्रमाण वाढलं. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं ते पाहिलंयस ना? पाणी जिकडे क्षार जास्त तिकडे जातं. इथंही पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जाऊ लागतं. हायपोथॅलॅमसमधल्या ज्या पेशी हे ओळखतात त्या आक्रसतात, आणि दोन गोष्टी होतात: तहान लागते, आणि पिट्युटरीच्या मागच्या भागातून एडीएच सुटतो. तो किडनीच्या कलेक्टिंग डक्टमध्ये पाण्याची दारं उघडतो, पाणी रक्तात परत येतं. लघवी कमी आणि गडद. पाणी प्यायलीस, क्षारांचं प्रमाण जागेवर आलं, एडीएच थांबला. सोसायटीच्या टाकीतला बॉलकॉक आठव. पाणी चढलं की तो वर येतो आणि नळ बंद करतो. निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात तो एवढाच, आणि अख्खा एंडोक्राइनचा धडा बहुतांशी या बॉलकॉकवर चालतो.

अजून गाडी आलेली नाही. तू हलत नाहीयेस, त्यामुळे पोटऱ्यांचे स्नायू शिरा दाबून रक्त वर ढकलत नाहीत. कातडीतल्या वाहिन्या सैल, रक्ताचं आकारमान कमी, पायांत रक्त साठलेलं. हृदयाकडे रक्त कमी आलं, म्हणून ते कमी फेकतं, म्हणून बीपी उतरतं. मानेतल्या कॅरोटिड सायनसमधल्या आणि महाधमनीच्या कमानीतल्या बॅरोरिसेप्टर्सना, म्हणजे दाब ओळखणाऱ्या टोकांना, ते कळतं, मेंदूच्या मेड्युलाला निरोप जातो, नाडी वाढते. किडनीही गप्प बसत नाही: रेनिन, त्यातून अँजिओटेन्सिन, त्यातून ॲल्डोस्टेरॉन, म्हणजे मीठ धरून ठेव. एवढं करूनही पुरलं नाही तर डोळ्यांपुढे अंधारी. माणूस आडवा पडला की पायांतलं रक्त हृदयाकडे येतं आणि त्याला शुद्ध येते. लोक त्याला उचलून उभं करायला धावतात, ते नेमकं उलटं आहे.

मग सरबतवाला. लिंबू, साखर, मीठ. साखर चवीसाठी असते असं वाटतं, पण लहान आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज एकाच वाहकावर बसून आत जातात आणि त्यांच्यामागून पाणी. ओआरएसचं सारं मर्म यात आहे. १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ आली, सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे पाणी पिंपांत भरून लोकांना पाजलं आणि मृत्यूंचं प्रमाण झपाट्यानं खाली आणलं.

मोज आता किती धडे झाले. कातडी, ऑटोनॉमिक नर्व्हज, ऑस्मोसिस, एंडोक्राइन, किडनी, रक्ताभिसरण, पचन. हे सात धडे सात ठिकाणी वाचलेस तर सात वेळा विसरशील. एका स्टेशनवर उभी राहून सांगितलेस तर एकाचं टोक धरून दुसरा येतो. असे प्रसंग तूच शोध: जेवणानंतरची सुस्ती, जिना धावत चढल्यावरची धाप, उपाशीपोटी कॉलेजला जाणं. प्रत्येक ठिकाणी 'मग?' विचार. जिथं 'मग?' ला उत्तर येणार नाही तिथं थांब आणि पुस्तकाचं तेवढंच पान काढ.

आकड्यांशी थोडं खेळायलाही शीक. किडन्या दिवसाला १८० लिटर गाळतात, हे तू पाठ केलं असशील. १८० लिटर म्हणजे ऑफिसात येतात ते वीस लिटरचे नऊ जार. अंगात प्लाझ्मा, म्हणजे रक्ताचा पेशी सोडून उरलेला पातळ भाग, असतो जेमतेम तीन लिटर, म्हणजे तोच प्लाझ्मा दिवसात साठ वेळा गाळला जातो. आणि बाहेर येते दीड लिटर लघवी. मग किडनीचं मोठं काम गाळणं की परत घेणं? हा प्रश्न स्वतःला विचारलास की ट्यूब्यूलचा, म्हणजे हे परत घेणाऱ्या बारीक नळीचा, तो कंटाळवाणा तक्ता एकदम महत्त्वाचा वाटायला लागतो.

विल्यम हार्वीनं हेच केलं होतं. त्याच्या आधी लोक मानत, यकृत रक्त बनवतं आणि शरीर ते वापरून संपवतं. हार्वीनं हृदयाच्या एका ठोक्याला किती रक्त बाहेर पडतं याचा अगदी हात राखून अंदाज धरला आणि ठोक्यांनी गुणलं. अर्ध्या तासाचं रक्त अख्ख्या शरीरात मावणार नाही इतकं आलं. म्हणजे ते फिरूनच येत असणार. १६२८ मध्ये त्यानं हे छापलं. आजचे आकडे घालून तूच कर: एका ठोक्याला ७० मिलिलिटर, मिनिटाला ७२ ठोके, म्हणजे मिनिटाला पाच लिटर, तासाला तीनशे लिटर. सगळ्या अंगात रक्त आहे पाच लिटर.

भाषेचं विचारलं नाहीस, पण तुझ्या पत्रात ते आहे. समजून मराठीतच घे. 'मग?' ची साखळी मराठीत बोल, मोठ्यानं. आजीला बीपीची गोळी चालू असेल तर पाकिटावर नाव बघ. ॲम्लोडिपिन असेल तर ती धमन्यांच्या भिंतीतल्या स्नायूपेशींत कॅल्शियम जाऊ देत नाही, म्हणून त्या सैल पडतात, म्हणून बीपी उतरतं, आणि त्याच सैलपणामुळे काहींच्या घोट्यांना सूज येते. हे आजीला तिच्या भाषेत सांग. तिला कळलं तर तुलाही कळलंय. (गोळी बंद करायला सांगू नको, ते डॉक्टरांचं काम.) मग तीच साखळी इंग्रजीत लिही, छोट्या छोट्या वाक्यांत. परीक्षेत इंग्रजी साहित्य कुणी मागत नाही. आणि इंग्रजी नावं तोंडानं म्हणत जा. पुष्कळ मुलींना व्हायवात उत्तर येत असतं, पण 'ग्लोसोफॅरिंजियल' हा शब्द त्यांनी जन्मात मोठ्यानं उच्चारलेला नसतो.

व्हिडिओ बघ, पण वाचायच्या आधी, एकदा. लोकलमधल्या अर्ध्या तासात फोन ठेव आणि काल रात्रीचा कागद डोळे मिटून काढ. जागा मिळाली नाही तरी हे उभ्यानं जमतं.

कॉलेज डिसेक्शन हॉल दाखवायला नेईल. फॉर्मॅलिननं डोळे चुरचुरतील, थोडं बाहेर जाऊन ये, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पुस्तकात धमन्या लाल, शिरा निळ्या, नसा पिवळ्या असतात. टेबलावर सगळं एकाच मातकट रंगाचं असतं. तेव्हा रंग शोधू नको, बोटानं दाबून बघ: धमनीची भिंत जाड, कापल्यावरही भोक उघडं राहतं. शीर चपटी होते. नस भरीव दोरीसारखी. टेबलावरच्या माणसाचा फोटो काढायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

राहिला लाइनचा प्रश्न. नऊ मार्कांनी तुझी पद्धत नापास झाली, तू नाही. पुढच्या इंटर्नलला हृदय आहे म्हणतेस, तर त्यासाठी एक काम कर. घरी मांसाहार चालत असेल तर मटणवाल्याकडून बोकडाचं एक दिल आण. रविवारी नको, त्याला श्वास घ्यायला वेळ नसतो आणि तुझं ऐकून घेणार नाही. शुक्रवारी संध्याकाळी जा. मार्गशीर्षातल्या गुरुवारी घरी आणलंस तर आई तुला दिलासकट बाहेर काढेल, माझ्या आईनं काढलं होतं. मटणवाल्याला आधीच सांग: मधे चीर देऊ नको, वरच्या नळ्या बुडापासून छाटू नको. ते लोक सवयीनं दोन्ही करतात. चालत नसेल तर कॉलेजच्या म्युझियममधल्या बरणीवर भागव, थोडं कमी मिळेल एवढंच.

हातमोजे घाल, स्वयंपाकाची सुरी वापरू नको, गॅलरीत जुन्या ताटात ठेव. नळाखाली धरून आतल्या रक्ताच्या गाठी काढ. कप्पे माणसासारखेच चार. उजव्या बाजूनं चिरायला सुरुवात कर. झडपेच्या पाळ्यांना पतंगाच्या कणीसारख्या पांढऱ्या दोऱ्या बांधलेल्या दिसतील. पावसाळ्यात वाशीच्या पुलावर छत्री उलटी होते, तशी झडप दाबानं उलटू नये म्हणून त्या. मग डावी बाजू. महाधमनीच्या झडपेला दोऱ्या नाहीत, तीन खिसे आहेत. वरून नळीत पाणी ओत, खिसे भरून एकमेकांना टेकतील आणि पाणी तिथंच थांबेल. त्या खिशांच्या जरा वर दोन बारीक भोकं आहेत. त्यांत अगरबत्तीची काडी हलकेच सरकव, ती हृदयाच्या भिंतीवरून जाणाऱ्या नळीत शिरेल. त्या कोरोनरी धमन्या, हार्ट अटॅकमध्ये तुंबतात त्या याच.

पण चिरण्याआधी एक. धुऊन झालं की दोन्ही बाजूंच्या भिंती बाहेरूनच चिमटीत धरून बघ. एक मऊ लागेल आणि एक टणक, जवळपास तिप्पट जाड. टणक कुठली, आणि एकीला फुफ्फुसांपर्यंत साधारण २५ च्या दाबानं आणि दुसरीला सगळ्या अंगभर १२० च्या दाबानं रक्त ढकलायचं असतं याचा त्या जाडीशी काय संबंध, हे पुस्तक न उघडता चार ओळींत लिहून मला कळव.